छपराखालचा सिग्नल

प्रिय भोपळ्या,

बेचाळीस वर्षांच्या, दाढीत चार पांढरे केस आलेल्या माणसाला असल्या नावाने हाक मारू नये, एवढी अक्कल मला आहे. पण ‘पायलटसाहेब’ लिहिलं असतं तर तुला टोमणा वाटला असता, आणि खरं नाव लिहिलं असतं तर कुठलातरी सरकारी कागद समजून तू पाकीट तसंच ठेवून दिलं असतंस. भोपळ्या म्हणणारी जगात मी एकटीच. निदान रागाने का होईना, पण फोडशील. चौदा महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. मी तरी असे किती केले? मोजून चार. त्यातले दोन तर तू उचलू नयेस म्हणूनच दुपारी, तुझ्या शिकवणीच्या वेळेला केले. हे पत्र मधेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

घरचं सगळं ठीक आहे. आईचा डावा गुडघा आता उजव्यासारखाच कुरकुरतो, त्यामुळे निदान लंगडणं सारखं झालंय, असं तीच म्हणते. तू लोकांना मोटार चालवायला शिकवतोस, हे ती शेजारीपाजारी ‘पोरगा शिक्षक आहे’ अशा थाटात सांगते. विमानाचा आवाज आला की मात्र अजूनही हातातलं काम टाकून गॅलरीत जाते, आणि मी घरात असले तर उगाच एखादा वाळलेला कपडा घेऊन आत येते. तिनेच मला बुधवारी सकाळी सांगितलं, की येत्या मंगळवारच्या सुनावणीला तू जाणार नाहीस. तुझं विमानाचं लायसन्स परत द्यायचं की कायमचं रद्द करायचं, याचा निकाल त्या दिवशी आहे आणि तू नुसता लेखी जबाब पाठवून मोकळा झालास. ‘ढगात मी घाबरलो, माझा गोंधळ झाला, यंत्राचा दोष नव्हता, मला आणखी काही म्हणायचं नाही.’ आईला ते वाक्य पाठ झालंय. तिने ते भाजी चिरता चिरता म्हणून दाखवलं.

त्या दिवसापासून मला भीती वाटतेय. वाटत असते तशी नाही, अगदी पाचावर धारण बसल्यासारखी. घरातून निघताना गॅस तीनदा बघते. विमानांच्या हँगरमध्ये साधा स्क्रू पिळला तरी परत जाऊन हात लावून येते. काल एका विमानाच्या रेडिओची तपासणी झाल्यावर सही करायला पेन उचललं आणि सही न करताच परत ठेवून दिलं. नाकावर माशी बसू न देणारी तुझी ताई, तिची ही दशा. तू मला ‘तारवाली’ म्हणायचास ना? विमानाच्या पोटातल्या सगळ्या तारा, रेडिओ, जीपीएस, त्यातली कुठली नस कुठे जाते हे डोळे मिटून सांगणारी. सव्वीस वर्षं मी हेच काम करतेय आणि आता स्वतःच्या हाताची भीती वाटते.

आठवतं का, आपल्या जुन्या घरात ती लोखंडी खाट होती? आभाळ गडगडायला लागलं की मी तिच्याखाली जायचे. मी बारा वर्षांची घोडी, तू पाच वर्षांचा. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ मी तुला घातली होती आणि इतका चहाटळ असूनही तू ती कधी मोडली नाहीस. तू खाटेखाली माझ्या शेजारी पोटावर पडायचास आणि वीज चमकली की मोठ्याने आकडे मोजायचास. एक, दोन, तीन, चार. मग आवाज व्हायचा आणि तू अगदी म्हाताऱ्यासारखा सांगायचास, अजून लांब आहे ताई. शाळेत कुणीतरी शिकवलं होतं तुला ते. तुझं बोबडं मोजणं ऐकलं की माझा श्वास जागेवर यायचा. पुढे तू पायलट झालास तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं. जो पाच वर्षांचा असताना विजेचं अंतर मोजतो, तो वर जाणारच.

आता त्या आठवड्याचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी मला सांगू दे, कारण मी आजवर ते सरळ कधी सांगितलंच नाही. अपघाताच्या सहा दिवस आधी तू त्याच चार सीटांच्या विमानातून उतरलास आणि तक्रारवहीत लिहिलंस: पावसात शिरल्यावर जीपीएसचा सिग्नल गेला, पाच मिनिटांनी आपोआप परत आला. संध्याकाळी ते विमान माझ्याकडे आलं. मी आधी पाहिलं तर तुझा तो स्वस्तातला फोनचा चार्जर पॅनेलच्या सॉकेटमध्ये अजून खोचलेलाच. असले चार्जर जीपीएसच्या कानाशी कचकच करतात, हे मी तुला शंभरदा बजावलं होतं. झालं, मला चोर सापडला. चार्जर उपटला, त्याला चिठ्ठी बांधली, ‘भोपळ्याचा, परत देऊ नये’, आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तरी नियमाप्रमाणे पुढची तपासणी केली. जीपीएसचा डबा काढून शेजारच्या विमानात बसवला, तिथे उत्तम चालला. रेडिओवर बोलताना सिग्नल जातो का ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर पाहिलं, जात नव्हता. पडद्यावर सगळ्या पट्ट्या हिरव्यागार. मी वहीत लिहिलं: तपासले, दोष आढळला नाही. खाली सही, सहीवर शिक्का. आणि जेवताना सगळ्यांसमोर तुझी टर उडवली, की साहेब आभाळात गाणी ऐकतात आणि खापर माझ्या तारांवर फोडतात. तूही हसलास. मग म्हणालास, चार्जर पावसाआधीही लावलेला होता गं ताई. मी ते कानाआड केलं.

अपघाताच्या दिवशी मी रेडिओच्या खोलीत होते हे तुला कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. कसलातरी फॉर्म आणायला गेले होते. तू जमिनीचे नकाशे काढणाऱ्या त्या काकांना घेऊन डोंगरापलीकडची जमीन दाखवायला गेला होतास. हवा सकाळी चांगली होती, मग ढग आले. स्पीकरमधून तुझा आवाज आला, अगदी शांत, तू गिऱ्हाईकाशी बोलतोस तसा. तू म्हणालास, जीपीएस गेलाय, मी डोंगराच्या नक्की कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही, दिशा धरून खाली मोकळं दिसेपर्यंत सावकाश येतो. पुढे खरखर. खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघंही त्या स्पीकरकडे बघत होतो, जणू त्यातून तू बाहेर येणार होतास. मी मनात मोजायला लागले. तुझ्यासारखंच, एक, दोन, तीन. सहाशे साठपर्यंत गेले. अकरा मिनिटं. डोक्यात मात्र एकच विचार येत होता. तो तुझ्याबद्दलचा नव्हता, हे लिहायची लाज वाटते. मी विचार करत होते, की ती सही मी नक्की कशी केली.

तू शेतात उतरवलंस. पुढचं चाक सरीत अडकून मोडलं, काकांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तुझ्या कपाळाला सहा टाके. त्या ढगात, त्या डोंगरात, डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारख्या अवस्थेत दोन माणसं जिवंत खाली आणलीस. आणि चौकशीत त्याचं काय झालं? पायलट गोंधळला. कारण यंत्र तर ठणठणीत होतं. तपासनीस आले तेव्हा पुढचं चाक नव्हतं, विमान ढकलून बाहेर काढायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हँगरमध्येच पॅनेल सुरू करायला लावलं. पट्ट्या हिरव्यागार. मग त्यांनी माझी जुनी नोंद पाहिली आणि मला विचारलं, ही तपासणी कशी केली होती? मी म्हणाले, नेहमीप्रमाणे. बस. एकच शब्द. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. त्या संध्याकाळी तू मला घरी विचारलंस, ताई, तुला तरी खरं वाटतंय ना? आणि मी तुला सांगितलं, यंत्र खोटं बोलत नाही रे, माणूस घाबरतो. तू ताटावरून उठलास. आठवड्याने तू गाव सोडलंस.

आता ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे काय ते सांगते. हँगरला पत्र्याचं छप्पर आहे. उपग्रहाचा सिग्नल इतका क्षीण असतो की तो पत्र्यातून आत येत नाही. म्हणून पूर्वी आम्ही विमान समोरच्या काँक्रीटवर ढकलत न्यायचो आणि उघड्यावर दहा मिनिटं बसायचो. मग रिपीटर आला. छपरावर एक अँटेना आणि आत वाशाला टांगलेला एक छोटा डबा, बाहेरचा सिग्नल आत पुन्हा सोडणारा. बटण दाबलं की छपराखालच्या विमानाला आभाळ दिसायला लागतं. फार सोयीचं. पण तो डबा विमानाच्या डोक्यावर जेमतेम पाच हातांवर असतो आणि त्याचा सिग्नल खऱ्या आभाळापेक्षा चांगलाच दणकट. अर्ध्या बहिऱ्या माणसाच्या कानात ओरडलं तर तोही मान डोलावतो, तसंच हे. म्हणून बटणाशेजारी एक पाटी लावलीय: ‘रिपीटर फक्त चालू-बंद पाहण्यासाठी. सही करण्यापूर्वी विमान बाहेर.’ लाल रंगात, ठसठशीत अक्षरात. ते अक्षर माझं आहे. ती पाटी मी रंगवलीय.

गेल्या बुधवारी, आईने तुझा जबाब सांगितला त्याच दिवशी, दुरुस्त होऊन पुन्हा उडायला लागलेलं ते विमान झिमझिम पावसातून परत आलं. चालवत होती एक शिकाऊ मुलगी, कमरेपर्यंत वेणी असलेली, सगळे तिला वेणीवालीच म्हणतात. वीस वर्षांची असेल. तिने तक्रारवहीत लिहिलं: पावसात जीपीएस गेला, सहा मिनिटांनी आपोआप परत आला. ‘आपोआप परत आला.’ शब्द न् शब्द तुझा. तिला खाली नदी दिसत होती म्हणून ती नदी धरून आली, आणि हसत हसत मला सांगत होती, की मॅडम, माझाच काहीतरी घोळ झाला असेल. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी लहान आणि इतक्या लगेच तिने चूक स्वतःच्या पदरात घेतली.

विमान वाळू न देता मी तसंच आत घेतलं, रिपीटरचं बटण दाबलं आणि पॅनेलसमोर बसले. पट्ट्या भरलेल्या. मग रिपीटर तसाच चालू ठेवून दोघांना सांगितलं, मला आत बसवूनच ढकला बाहेर. ते हसले, म्हणाले वजन वाढलंय मॅडम. चाकं दाराच्या रुळावरून गेली, छपराची सावली काचेवरून मागे सरकली आणि उघड्या आभाळाखाली आल्यावर ज्या पट्ट्या वाढायला हव्या होत्या, त्या एकेक करून खाली आल्या. चार, तीन, एक. मग पडद्यावर ती ओळ आली, सिग्नल नाही. तेवढ्यात लांब कुठेतरी आभाळ गडगडलं. ढकलणारे दोघे आत पळाले. मी बसून राहिले, भोपळ्या. दहा मिनिटं घड्याळ लावून बसले आणि दर मिनिटाची नोंद केली. सगळ्या नोंदी शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाच्या पाठीवरचा तो साबणाच्या वडीएवढा पांढरा अँटेना उघडला. चार स्क्रू. पाणी आत जाऊ नये म्हणून कडेने भरलेल्या सीलंटला केसाएवढी चीर, नुसत्या डोळ्याला दिसेल न दिसेल अशी. उचलल्याबरोबर खालून पाण्याचा थेंब माझ्या मनगटावर पडला. केबलचा जोड हिरवा पडला होता, एका दिवसात पडतो तसा नाही, वर्षानुवर्षांचा. पाऊस लागला की पाणी जोडात उतरायचं आणि सिग्नल मरायचा. वाळलं की आपोआप परत यायचा. अपघातानंतर चाक बदललं, पंखा बदलला, रंग दिला. त्या वडीला कुणी हात लावला नाही, कारण तिच्याबद्दल माझी सही होती. त्या दिवशी मी विमान पन्नास पावलं बाहेर नेलं असतं तर तुझी तक्रार मला दहा मिनिटांत कळली असती.

मी बाहेर का नेलं नाही, हे कुणी मला विचारलेलं नाही. काल मोठ्या साहेबांनीही नाही विचारलं, आमच्या हँगरचे मुख्य असूनही. त्यांना वाटलं आळस, घाई, चार्जर सापडल्याचा फाजील विश्वास. मी मान खाली घालून हो म्हणाले. पण तू वेळ आठवून बघ. तू पावसातून उतरला होतास आणि संध्याकाळी आभाळ फुटल्यासारखं गडगडत होतं. ढकलायला दोघे तयार होते. एकाने दार अर्धं उघडलंही होतं. वीज चमकली, समोरचं काँक्रीट पांढरं झालं आणि मी त्याला म्हणाले, राहू दे, इथेच बघते. त्याला वाटलं मॅडमना आमची दया आली. मी खाटेखाली गेले होते, भोपळ्या. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, रिपीटर लावून, छपराखाली. आणि सहा दिवसांनी तू त्या ढगात होतास, मोजायला शेजारी कुणी नसताना. तरी तुझा आवाज शांत होता. मी तो ऐकला होता, आणि तरी तुझ्या तोंडावर म्हणाले, माणूस घाबरतो.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. ती मागायची माझी हिंमत नाही आणि तू एवढ्यात ती देऊही नकोस. काल मी शिक्का साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि चौकशीवाल्यांना लेखी जबाब दिला. त्यात रिपीटर आहे, पाटी आहे, ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द आहे, हिरव्या जोडाचा फोटो आहे, वेणीवालीची नोंद आहे. मंगळवारी अकरा वाजता मला त्यांच्यासमोर ते सगळं तोंडाने सांगायचंय. पण साहेब म्हणाले, तुझा स्वतःचा जबाब, तुझ्या सहीचा, आड येईल. तू स्वतःच घाबरलो म्हणतोस म्हटल्यावर माझा हिरवा जोड काय करणार? तो तुझ्याशिवाय कुणाला मागे घेता येत नाही. साहेब उद्या सकाळी तुझ्या बाजूने जाणार आहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देते, सोबत तुझा चार्जरही आहे, चिठ्ठी काढून. त्यांच्याच गाडीत बसून परत ये आणि ते वाक्य खोडून टाक, ते खोटं आहे. लायसन्स गेलं तरी चालेल असं मनात आणलंस तर आईच्या हातातले ते वाळलेले कपडे आठव. आणि एक शेवटचं. त्या खोलीत जाताना मला खाटेखाली जावंसं वाटणार आहे, आणि त्याचा अर्थ जगात एका माणसालाच माहीत आहे. माझ्याशी बोलू नकोस, बघूही नकोस. फक्त दाराबाहेरच्या बाकावर बस आणि मी आत गेल्यावर मनात मोज.

तुझीच,
खाटेखालची ताई